बिल्ला लावा, बाण दाखवा

इन्फर्मेशन आर्किटेक्चरच्या परिषदेत स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्या नवोदितांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

पात्रता

इन्फर्मेशन आर्किटेक्चर म्हणजे काय हे ठाऊक असण्याची अट नाही. ज्यांनी त्यावर जाडजूड पुस्तके लिहिली त्यांचेही त्यावर एकमत नाही, तेव्हा तुमच्या अज्ञानाने कोणाचे काही अडणार नाही. कामापुरते एवढे समजून घ्यावे: बँकेच्या वेबसाइटवर पत्ता बदलण्याचा अर्ज ‘सेवा’खाली ठेवायचा, ‘माझे खाते’खाली ठेवायचा की दोन्हीकडे, आणि खातेदाराने ‘घर बदलले’ असे टाइप केले तरी तो त्याच्या पुढ्यात कसा यायचा, याचा विचार करण्यासाठी पगार मिळणारी माणसे जगात आहेत. माहितीला जागा लावून देणे, तिचे नाव ठेवणे आणि तिथवर वाट काढून देणे हा त्यांचा धंदा; एकमेकांच्या कामाला नावे ठेवणे हा विरंगुळा.

ही मंडळी वर्षातून एकदा, बहुधा मार्च-एप्रिलच्या सुमारास, उत्तर अमेरिकेतल्या एखाद्या शहरात हॉटेलचे सभागृह घेऊन जमतात. पहिल्यांदा जमली ती २००० साली बोस्टनला. पुढे सॅन फ्रान्सिस्को, बाल्टिमोर, ऑस्टिन, माँट्रियल, लास वेगास अशी गावे बदलत गेली. मेळाव्याचे नाव तेव्हा ‘आयए समिट’ होते, २०१९ला ऑर्लँडोत ते ‘आयए कॉन्फरन्स’ झाले. ज्यांचे पोटच नावे बदलण्यावर चालते त्यांनी आपल्या जत्रेचे नाव वीस वर्षांत एकदाच बदलावे, हा संयम वाखाणण्यासारखा आहे.

अनुभव असल्यास उत्तम. ज्याने गणेशोत्सवात, एकांकिका स्पर्धेत किंवा सातासमुद्रापार महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात कधी सतरंज्या उचलल्या आहेत, त्याने पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या तरी चालतील. एक फरक मात्र मनाशी पक्का करावा. इथे सतरंज्या नसतात. गालिचा असतो, तो जमिनीला डकवलेला असतो आणि खुर्च्या हॉटेलची माणसे लावतात. त्यामुळे उचलण्यासारखे दुसरे काहीतरी शोधून काढावे लागते. ते काय, हेच या मार्गदर्शिकेत सांगितले आहे.

पायरी पहिली: सापडणे

स्वयंसेवक निवडले जात नाहीत, सापडतात. तयारीच्या ऑनलाइन बैठकीला ‘फक्त ऐकायला’ म्हणून बसावे आणि मधेच ‘हे जरा सुटसुटीत करता येईल’ असे म्हणून पाहावे. वाक्य पुरे होण्याआधी ते काम तुमच्या नावावर जमा होते. पहिल्या बैठकीत गप्प बसणाऱ्याला दुसऱ्या बैठकीत ‘तुम्ही फार शांतपणे विचार करता’ असे म्हणून उपसमिती देतात.

बैठक पुण्याहून गाठणाऱ्यांसाठी खास सूचना. न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ. मार्चमध्ये तिकडची घड्याळे एक तास पुढे सरकतात आणि तीच बैठक आपल्याकडे साडेआठला, म्हणजे नेमकी ताटावर, येते. परिषद तोंडावर आलेली असते तेव्हाच हे घडते. ॲरिझोनाचा बराचसा भाग घड्याळाला हात लावत नाही. तिथला एखादा सभासद समितीत असेल तर वेळेचा तक्ता करण्याचे काम काहीतरी निमित्त काढून टाळावे.

बैठक संपली की तुम्हाला सामायिक ड्राइव्हची किल्ली मिळते. हे दालन काळजीपूर्वक पाहावे, कारण जगाच्या फायली लावून देणाऱ्यांच्या स्वतःच्या फायली कुठे पाहायला मिळणार? तिथे ‘वेळापत्रक’, ‘वेळापत्रक नवीन’, ‘वेळापत्रक फायनल’, ‘वेळापत्रक फायनल हे वापरा’ आणि ‘जुने, पुसू नये’ अशी फोल्डरे एका ओळीत नांदत असतात. चालू वेळापत्रक यांपैकी कशातच नसते. ते कुणाच्या तरी ईमेलला जोडलेले असते. आवराआवर करायला जाऊ नये. गेल्या वर्षीच्या स्वयंसेवकाने ती केली होती, ‘नवीन रचना’ नावाचे फोल्डर त्याचेच.

पायरी दुसरी: बोलण्यापुरते वाचन

चहाच्या, म्हणजे तिथे कॉफीच्या, टेबलाशी उभे राहिल्यावर दोन घराण्यांची ओळख असली की निभावते. पहिले घराणे वास्तुविशारदांचे. रिचर्ड सॉल वर्मन हे त्याचे मूळपुरुष, पेशाने खरोखरीचे आर्किटेक्ट. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेचे १९७६चे अधिवेशन फिलाडेल्फियात भरले, तेव्हा त्यांनी त्याचा विषयच ‘माहितीची वास्तुरचना’ असा ठेवला. वेबसाइट नावाची वस्तू तेव्हा जन्मायची होती. पुढे १९८४मध्ये टेड परिषदा सुरू करणाऱ्यांतही हेच गृहस्थ, तेव्हा परिषदेत माणसे अठरा मिनिटे गप्प बसून ऐकतात या चमत्काराच्या मुळाशीही एका परीने तेच.

दुसरे घराणे ग्रंथपालांचे. लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मोरव्हिल हे दोघे मिशिगन विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकले आणि १९९८मध्ये त्यांनी वेबसाइटच्या माहितीरचनेवर पुस्तक लिहिले. प्रकाशक ओरायली यांचा प्रघात मुखपृष्ठावर प्राणी छापण्याचा. या पुस्तकाच्या वाट्याला ध्रुवीय अस्वल आले आणि पुस्तकाला लोक ‘अस्वलाचे पुस्तक’च म्हणू लागले. २०१५च्या चौथ्या आवृत्तीत होर्हे अरांगो हे तिसरे लेखक आले. अस्वल तेच आहे. नवशिक्याने ‘मी अस्वल वाचले आहे’ असे म्हणावे. ‘कितवी आवृत्ती?’ असे विचारले की वयाप्रमाणे उत्तर द्यावे.

मराठी, किंबहुना कुठल्याही भारतीय, स्वयंसेवकाच्या हाती मात्र एक हुकमाचे पान असते. तुमचे आडनाव ऐकताच कुणीतरी ज्येष्ठ अमेरिकन ग्रंथपाल डोळे मिटून ‘रंगनाथन’ म्हणतो. दचकू नये, तो तुमची चौकशी करत नसतो. शियाळी रामामृत रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते, १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३मध्ये त्यांनी कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केले. पुस्तकाला एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याचे निरनिराळे पैलू वेगळे काढायचे, मग हवे तसे जोडायचे, ही त्यातली कल्पना. ऑनलाइन दुकानात सदरा शोधताना आपण रंग, माप, किंमत, कापड अशा खुणा डावीकडे टिचकवतो, ती त्याच कल्पनेची धाकटी पाती. आपल्याकडे १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन होतो, कॉलेजच्या वाचनालयात फोटोला हार घालतात, आणि त्याच वाचनालयात कपाटांना कुलूप असते. हे शेवटचे परिषदेत सांगू नये. तिथे त्यांना देवासारखे मानतात.

या पायरीवर आणखी एक शब्द कानांवर पडेल: कार्ड सॉर्टिंग. वेबसाइटवरचा एकेक विषय एकेका कार्डावर लिहायचा, गठ्ठा सामान्य माणसापुढे ठेवायचा आणि ‘तुम्हाला जे एकत्र वाटते ते एकत्र ठेवा, मग ढिगाला नाव द्या’ असे सांगून बाजूला बसायचे. हे पाहण्यासारखे असते. माणूस पहिली दहा कार्डे झपझप लावतो. मग एक कार्ड हातात घेऊन थांबतो, ते एका ढिगावर ठेवतो, उचलतो, दुसऱ्यावर ठेवतो, आपल्या तोंडाकडे बघतो. आपण निर्विकार राहायचे असते. शेवटी तो टेबलाच्या कोपऱ्यात एक नवा ढीग सुरू करतो आणि त्यावर लिहितो: ‘इतर’. कितीही हुशार माणूस घ्या, ‘इतर’चा ढीग होतोच. परिषदेच्या संघटन-तक्त्यात स्वयंसेवकांचा रकाना नेमका कुठे असतो, हे आता वेगळे सांगायला नको.

पायरी चौथी: प्रस्तावांची छाननी

(क्रमाने पाहता ही तिसरी असायला हवी. समितीत मतभेद झाले.)

भाषणांचे प्रस्ताव येतात ते वक्त्याचे नाव झाकून छाननीला पाठवले जातात. हेतू असा की ओळखीपाळखीने कुणाला झुकते माप मिळू नये. धंदा इवलासा असल्याने दुसऱ्या परिच्छेदातच लेखक ओळखू येतो, तरीही ओळख पटली नाही असे स्वतःला बजावत गुण द्यावेत.

प्रस्तावाच्या शीर्षकात अपूर्णविराम, म्हणजे कोलन, असतोच. रंगनाथनांनंतर या चिन्हावर इतकी माया दुसऱ्या कोणी केली नसेल. अपूर्णविरामाच्या डावीकडे काव्य असते, उजवीकडे काम असते. ‘हरवलेली वाट: एका विद्यापीठाच्या वेबसाइटची पुनर्रचना’ असे. प्रस्ताव तीन जातींचे. पहिल्या जातीत अमुक संस्थेची साइट आम्ही कशी सावरली, याची हकिकत असते. दुसऱ्या जातीत भाषा, अवकाश आणि अर्थ असतो. तिसऱ्या जातीत वक्त्याच्या मुलीने खेळणी कशी लावली, यावरून जगाचे वर्गीकरण काढलेले असते. नवशिक्याला तिसरी जात आवडते. मुलगी दरवर्षी वेगळी असते, खेळणी तीच.

शेरा लिहिताना ‘विषय चांगला आहे, पण श्रोत्यांनी घरी काय न्यायचे?’ एवढे लिहिले की बहुतेक वेळा भागते. नकाराचे पत्रही स्वयंसेवकालाच धाडावे लागते. ज्यांना ते गेले ते तरीही परिषदेला येतात, आणि नोंदणीच्या टेबलाशी तुमच्याच रांगेत उभे राहतात.

पायरी तिसरी: नोंदणीचे टेबल

ही या मार्गदर्शिकेतली सगळ्यांत महत्त्वाची पायरी, म्हणून ती उशिरा दिली आहे.

माहिती लावण्याचे मार्ग पाचच, असे वर्मन यांनी सांगून ठेवले आहे: ठिकाणानुसार, वर्णानुक्रमे, काळानुसार, प्रकारानुसार आणि चढत्या-उतरत्या क्रमाने. नोंदणीचे टेबल वर्णानुक्रमावर चालते, कारण हॉटेलने तीनच टेबले दिलेली असतात. सकाळी सात वाजता तुम्ही एका कागदावर ‘ए ते एच’, दुसऱ्यावर ‘आय ते पी’, तिसऱ्यावर ‘क्यू ते झेड’ लिहून चिकटवता. बिल्ले ओळीने लावता. सव्वासातपर्यंत जगात सारे काही जागच्या जागी असते.

मग पहिला डच पाहुणा येतो. त्याच्या नावात ‘व्हॅन’ आहे, तो ‘व्ही’त नाही, आणि पुढच्या शब्दाच्या आद्याक्षरातही नाही. मागोमाग दोन आडनावांची एक स्पॅनिश बाई, जिचा फॉर्म दुसऱ्या आडनावाने भरला गेला. चेन्नईचे एक गृहस्थ, ज्यांच्या नावापुढे आद्याक्षर आहे आणि आडनाव नाहीच. संगणकाने ते आद्याक्षर आडनाव धरून त्यांना पहिल्या टेबलावर पाठवले. ठाण्याहून नोकरीसाठी न्यू जर्सीत गेलेल्या एका बाईंच्या बिल्ल्यावर वडिलांचे नाव ठळक आणि त्यांचे स्वतःचे गायब, कारण फॉर्मात मधल्या नावाची चौकट होती आणि त्यांनी ती लहानपणापासूनच्या सवयीने भरली. एक बिल्ला कंपनीच्या हिशेबनिसाच्या नावाने छापलेला आहे, कारण पैसे त्याने भरले होते. जोशी दोन आहेत, पाटील तीन. वेंकटसुब्रमण्यन यांचे नाव बिल्ल्यात मावावे म्हणून अक्षरे मुंगीएवढी झाली आहेत, तर शेजारच्या ‘बॉब’ची तीन अक्षरे रस्त्याच्या पलीकडून वाचता येतात.

इथे घाबरायचे कारण गर्दी नव्हे. कारण असे की ही रांग साध्या माणसांची नाही. रांगेतला प्रत्येक जण रांगांची रचना करून घर चालवतो. चौथा माणूस मागच्याला हळूच सांगतो की पहिल्या नावाने लावायला हवे होते, माणसे पहिले नाव सांगतात. पाचवी म्हणते की नोंदणी आगाऊ केलेल्यांची आणि न केलेल्यांची रांग आधी वेगळी हवी. सहावा तुमच्या फलकाचा फोटो काढतो. हा फोटो पुढल्या वर्षी कुणाच्या तरी स्लाइडवर ‘असे करू नये’ या मथळ्याखाली झळकेल, आणि त्या भाषणाला वेळ दाखवायला तुम्हीच बसलेले असाल.

त्यांचे म्हणणे खरे असते, हे इथे कबूल करायला हवे. सुधारणा सुचवणाऱ्याला ‘या ना आत’ म्हणून टेबलामागे ओढावे. एक तर तो गप्प होतो, नाहीतर तुम्हाला मदतनीस मिळतो. आणि जाणत्यांची खूण अशी: टेबलाखाली एक खोके ठेवावे, त्यात कोरे बिल्ले आणि एक काळा मार्कर. बिल्ला दोन ढिगांत सापडला नाही की तिसऱ्यात शोधू नये. माणसाला आपले नाव आपल्या हाताने लिहायला द्यावे. माणसे एवढी खूश होतात की शेजारी छापील बिल्लेवाले ‘मलाही लिहू द्या’ म्हणतात. मार्करच्या अक्षरांतले ते बिल्ले लांबून वाचता येतात, त्यांत नाव बरोबर असते आणि त्यांना आज्ञावली लागत नाही. या परिषदेतले सर्वांत यशस्वी डिझाइन बहुधा त्या खोक्यात असते, पण त्यावर प्रस्ताव कोणी पाठवत नाही.

पायरी पाचवी: बाण

हॉटेलातल्या सभागृहांना नावे हॉटेल देते. ‘ग्रँड बॉलरूम पूर्व’, ‘सलोन डी’, शिवाय स्थानिक नदीचे किंवा वृक्षाचे नाव असलेली एक खोली, जी दुसऱ्या मजल्यावर असते. वेळापत्रकात त्याच खोलीला ‘ट्रॅक दोन’ म्हणतात. फलक लावणारा स्वयंसेवक या दोन नावांच्या मधोमध उभा असतो.

बाण काढताना उभा बाण टाळावा. वर टोक केलेला बाण काहींना ‘सरळ जा’ असे सांगतो, काहींना ‘वर जा’, आणि दोन्ही गट तुमच्यावर चिडतात. आडवा बाण बरा, फक्त कागद लावताना आपले तोंड कुठे आहे हे पाहावे. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला तोच कागद लावला की लोक स्वयंपाकघरात जातात. केव्हिन लिंच यांनी १९६०मध्ये शहरांवर पुस्तक लिहिले त्यात माणूस शहर डोक्यात कसे साठवतो ते सांगितले आहे: वाटा, कडा, विभाग, चौक आणि ठळक खुणा. माहितीरचनेची मंडळी या पुस्तकावर जीव टाकतात आणि तरी बाथरूम तुम्हालाच विचारतात, कारण ठळक खूण म्हणजे त्या दोन-तीन दिवसांत तुम्हीच. म्हणून जागा ठरवून उभे राहावे आणि हलू नये. कॉफीच्या टेबलाजवळची जागा सर्वांत चांगली. तुम्ही एकदा जेवायला उठलात की ‘निळ्या टी-शर्टापाशी डावीकडे वळा’ असे कुणी कुणाला सांगितलेले असते ते उघड्यावर पडतात.

वेळ दाखवणाऱ्याचे काम त्यामानाने सोपे. दहा, पाच, एक आणि ‘थांबा’ अशी चार पाट्यांची थप्पी पहिल्या रांगेत घेऊन बसावे. ‘पाच’ची पाटी दिसताच वक्ता मान डोलावतो आणि नवा मुद्दा सुरू करतो. ‘थांबा’ दाखवल्यावर तो हसतो. हे काम मराठी माणसाला उपजत जमावे, त्याने आभारप्रदर्शन लांबताना पाहिलेले असते. पण इथे पडद्यामागून विंगेतला दिवा विझवण्याची सोय नाही.

पायरी सहावी: व्याख्येपासून बचाव

संध्याकाळी गप्पा रंगल्या की कुणीतरी विचारतो, आपण करतो ते नेमके काय? पुढचे दोन तास गेले असे समजावे. या वादाला मंडळींनी स्वतःच एक वैतागलेले टोपणनाव दिले आहे, त्याचा भावार्थ ‘त्या मेल्या गोष्टीची एकदाची व्याख्या करणे’ असा. टोपणनावाचेही लघुरूप झाले, म्हणजे वाद किती वेळा झाला असेल पाहा.

वादाला इतिहास आहे. २००९ची परिषद मेम्फिसला झाली आणि समारोपाला जेसी जेम्स गॅरेट उभे राहिले. वेबच्या एका तंत्राला ‘एजॅक्स’ हे नाव देणारे आणि वापरकर्त्याच्या अनुभवाचे पाच थर आकृतीत मांडणारे तेच. त्यांनी भरसभेत सांगितले की माहितीरचनाकार असे कोणी नाही, इंटरॅक्शन डिझायनर असेही कोणी नाही. आपण सगळे यूएक्स, म्हणजे वापरकर्त्याच्या अनुभवाचे, डिझायनर आहोत आणि पूर्वीही तेच होतो. यजमानाच्या अंगणात उभे राहून यजमान अस्तित्वातच नाही असे सांगण्याचे हे धाडस आजही चवीने चर्चिले जाते. नंतरच्या वर्षांत पुष्कळांच्या व्हिजिटिंग कार्डावरून तो जुना हुद्दा खरोखर गेला. काम गेले नाही. परिषद पुढल्या वर्षी फिनिक्सला भरली, त्यापुढे डेन्व्हरला.

स्वयंसेवकाने या वादात बाजू घेऊ नये. पाण्याचा जग उचलावा आणि चालू लागावे. जग हातात असलेल्या माणसाला जगात कोणीही मत विचारत नाही. कराओकेची रात्र असेल, आणि या मंडळींत ती प्रथा जुनी आहे, तर मात्र जाऊन बसावे. दिवसभर तत्त्वचिंतन केलेली माणसे माइक हातात आला की काय करतात, ते प्रस्तावात लिहिता येण्यासारखे नसते.

पायरी सातवी: संस्थेत पडणे

परिषद संपली तरी स्वयंसेवकपण सुटत नाही, कारण परिषदेखेरीज संस्थाही असतात. २००२मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असिलोमार नावाच्या जागी काही मंडळी जमली आणि त्यांनी एक संस्था काढली. नाव जागेवरूनच ठेवले. २००५मध्ये ते बदलून ‘इन्फर्मेशन आर्किटेक्चर इन्स्टिट्यूट’ केले. नवख्यांना ज्येष्ठांशी जोडून देणे, नोकऱ्यांची माहिती फिरवणे, सभासदांची वर्गणी गोळा करणे, हे सारे नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात माणसे करत. याच संस्थेतून २०१२मध्ये जागतिक आयए दिन सुरू झाला: फेब्रुवारीतला एक शनिवार, वर्षाचा एक विषय, आणि जगभरच्या शहरांत तिथल्या तिथल्या माणसांनी भरवलेली सभा. ज्याला परिषदेचे विमानभाडे परवडत नाही त्याने आपल्या गावी चार खुर्च्या मांडाव्यात, ही कल्पना इतकी साधी होती की ती टिकली.

संस्था टिकली नाही. २०१९मध्ये तिने गाशा गुंडाळला. जागतिक दिनाने स्वतंत्र बिऱ्हाड केले. अशा संस्था कशा थकतात हे कोणाही मंडळाच्या माजी सचिवाला विचारावे. भांडणाने थोड्याच मोडतात. दरवर्षी नवे कार्यकारी मंडळ येते, जुन्याला काय ठाऊक होते ते जुन्याबरोबर जाते. सभागृहाचा करार कुणी वाटाघाटीने कमी करून घेतला होता, कोणत्या पुरवठादाराला आधी पैसे द्यावे लागतात, बिल्ल्यांची फाइल कोणत्या मापात छापून घ्यायची, हे प्रत्येक जण नव्याने शिकतो. माहिती हरवू नये यासाठी ज्यांचा जन्म, त्यांच्या घरची माहिती चुलीमागे पडलेली असते. चिडून लिहीत नाही. नाटकाच्या हौशी संस्थांमध्ये, ग्रंथालय संघांमध्ये, आमच्या सोसायटीच्या कमिटीतही हेच चालते. फक्त तिथे कुणी पैलूयुक्त वर्गीकरणावर व्याख्यान देत नाही.

म्हणून नवशिक्याला एकच काम कळकळीने सांगावेसे वाटते. परिषदेच्या शेवटच्या दुपारी, अंग मोडून गेलेले असताना, कोपऱ्यातले टेबल पकडून दोन पाने लिहावीत. किती बिल्ले कोरे लागले. कुठला बाण उलटा लागला होता. हॉटेलच्या कोणत्या खोलीत प्रोजेक्टरची तार पुरत नाही. शाकाहारी जेवण किती जणांनी लिहून दिले होते आणि किती जणांनी उचलले (दुसरा आकडा नेहमी मोठा, पनीर दिसले की सगळे शाकाहारी). पानांना नाव साधे द्यावे, आणि ती ड्राइव्हवर ‘वेळापत्रक फायनल हे वापरा’ या फोल्डरात टाकावीत. रचनेच्या दृष्टीने ती जागा चुकीची आहे. पण पुढल्या वर्षीचा माणूस सगळ्यांत आधी तेच उघडणार.

पायरी आठवी: आभार

समारोपात अध्यक्ष म्हणतात, आता सगळ्या स्वयंसेवकांनी मंचावर यावे. टाळ्या होतात. मंचावर जे चढतात ते बहुधा सूत्रसंचालन करणारे असतात. बाकीचे त्या वेळी कुणाचा तरी लॅपटॉपचा अडॅप्टर शोधत टेबलांखाली वाकलेले असतात, किंवा दाराशी उभे राहून गळ्यातल्या पट्ट्या खोक्यात गोळा करत असतात. पट्ट्या परत द्यायला लोक कुरकुरतात. त्यांना ती आठवण म्हणून हवी असते. देऊन टाकाव्यात, बिल्ले मात्र काढून घ्यावेत, मार्करने लिहिलेले सोडून, कारण ते कुणी देत नाही.

यानंतर पुढल्या वर्षीचे शहर जाहीर होते आणि इच्छुकांनी हात वर करावेत असे सांगण्यात येते. तुमचे दोन्ही हात खोक्यात गुंतलेले असल्याने तुम्ही सुटलात असे वाटेल. खोके धरलेला माणूस मंचावरून फार स्पष्ट दिसतो.

पहिली बैठक मंगळवारी. वेळ कुठल्या शहराच्या घड्याळाने धरायची, हे ठरवायला उपसमिती नेमली आहे, आणि तिच्या यादीत तुमचे नाव तुम्हाला ‘इतर’मध्ये सापडेल.